जीवखडा

दिवाळ्यात आता सुटा दगड मिळत नाही.
स्मशानाच्या फाटकापर्यंत पेव्हर ब्लॉक,
पुढे जेट्टीपर्यंत काँक्रीट.
बाबाचं मडकं भावाच्या खांद्यावर चढलेलं
आणि भटजी म्हणतात, खडा कुठाय?
चुलते मोबाईलच्या उजेडात
गटाराच्या कडेला वाकले.

मला डबा आठवला. बिस्किटांचा, पत्र्याचा.
मिठागराची हजेरीची चिठ्ठी,
भूसंपादनाची नोटीस घडी उसवलेली,
एक किल्ली, जिचं कुलूप कुठल्या दाराला होतं कुणास ठाऊक,
आणि रुमालात गुंडाळलेलं
दगडाचं कोपर.

बायका आत जात नाहीत,
म्हणून मी फाटकापर्यंतच धावले.
तिथून ते हातोहात गेलं.
भटजींनी उलटंपालटं करून बघितलं.
हा दुसऱ्याच्या मरणाचा दगड, म्हणाले.
मग मडक्याला भोक पाडलं त्यानेच.

दुसरा म्हणजे कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं.
बांधावर दोन दगड उभे होते आमच्या,
शेंदूर खाऊन फुगलेले.
सेक्टर आखताना जेसीबीने ढकलले
तेव्हा एकाचा टवका उडाला.
बाबा त्या वेळी आपल्याच शेतावर
दुसऱ्याचा वॉचमन होता.
शिट्टी गळ्यात, टवका खिशात.

नंतर एक प्राध्यापक आले, फितीने मापं घेतली.
शिलाहारांचा काळ असावा, म्हणाले.
खाली होडी, वल्ही, धनुष्य ओढलेला माणूस.
त्याच्यावर अप्सरा त्याला काखेत धरून नेतात,
जत्रेत हरवलेलं पोर न्यावं तसं.
त्याच्यावर तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला.
वर चंद्र, सूर्य.
नाव नाही. राजाचं तरी असतं कुठेतरी, म्हणाले,
ह्याचं कोण कोरणार.
चहा न घेता गेले.

दुसऱ्या दगडावर नुसता हात.
कोपरात वाकलेला, मनगटभर चुडा.
त्याची ओटी भरायच्या बायका.
आई कधी भरायची नाही.
का, ते मी विचारलं नव्हतं.

दहा दिवस कोपराला तेल, तीळ, पाणी.
जोमा लहू म्हात्रे ह्या नावाने
हजार वर्षांपूर्वीचा कुणी अंघोळ करत होता
आमच्या स्टीलच्या ताटलीत.

दहाव्याला कावळा तिवरावर.
पिंडाला शिवेना.
भाऊ म्हणाला, आईला सांभाळीन.
कावळा मान वळवून विमानतळाकडे.
भाऊ म्हणाला, साडेबारा टक्क्यांच्या फाईलमागे लागीन.
चुलत्यांना हसू आलं, ते खोकले.

तेवढ्यात बायका आईच्या बांगड्यांना आल्या.
आईने हात पदरात घेतला.
“त्या दगरातलीचा हात आजून भरलेला.
ती जळली म्हनून.
मी जिती हाय तं माझा रिता कराचा?
यो कनाचा न्याव?”

कुणी काही बोललं नाही.
थोरल्या काकूने पुढे केलेला हात
आपल्याच डोक्यावर फिरवला, ऊन लागल्यासारखा.
कावळा कधी शिवला कुणी पाहिलं नाही.
सगळे आईकडे बघत होते.
बघितलं तेव्हा पिंडाला चोचीएवढा खड्डा होता
आणि तिवर रिकामं.

मग खडा खाडीत सोडायचा.
भावाने डोळे मिटून भिरकावला.
ओहोटी होती.
पाण्याचा आवाज आला नाही,
चिखलाचा आला.

मंडळी पत्रावळी गोळा करून निघाली.
मी थांबले जेट्टीच्या टोकाला.
नेरुळच्या बाजूने एक होडी येत होती, इंजिन बंद करून,
एकजण वल्ह्याने ढकलत.
चिखलात कोपर वर आलेलं,
दोरी ओढल्यासारखं, अजून न सोडलेली.
आईच्या बांगड्या मागे कुठेतरी
भांडी आवरत होत्या.

भरतीला दोन तास होते.